फुटाणे

आई रागावत नव्हती. कधीच.
फक्त ताट पालथं घालायची
आणि पदर खोचत म्हणायची,
"मले भूक नाही. जेवा तुमी."

मग अंबाडीची भाजी, भाकर, जवसाची चटणी
सगळं घशात अडायचं.
बाप भाकर मोडायचा, तोंडात घालायचा नाही,
अंगणातल्या बाजेवर जाऊन बसायचा
आणि सकाळी दात घासता घासता सांगायचा,
"बरं, नाही जात चंद्रकलेकडे."

असं एकेक गेलं.
आधी आत्याकडचं जाणं.
मग कपिली गाय विकायची ठरलेली, ती राहिली
(ते बरंच झालं म्हणा, दुधाची होती).
मग विलासदादाची पुलगावची मुलगी,
जिचा फोटो शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेला.
मग माझं वर्ध्याचं नर्सिंग.
फॉर्म भरला होता, फोटो चिकटवला होता.
तीन दिवस ताट पालथं.
चौथ्या दिवशी मीच फॉर्म चुलीत घातला
तर मला जवळ घेऊन म्हणाली,
"काहून वं? म्या कधी नाही म्हटलं होतं?"

खरंच. नव्हतंच म्हटलं.

त्या तिनातल्या दुसऱ्या रात्री
मी पाण्याला उठले होते.
एप्रिल संपत आलेला, कवेलू अजून तापलेले,
आणि कोठीमागं अंधारात कुडुम कुडुम.
मला वाटलं उंदीर.
आई होती. मांडीत फुटाण्यांचा डबा,
गालात गुळाचा खडा.
तिनं पाहिलं. मी पाहिलं.
तिनं मूठ भरून माझ्या ओंजळीत रिकामी केली
आणि मी तिथंच, तिला टेकून, खाल्ले.
माझ्याही पोटात दोन दिवस धड काही नव्हतं.
सकाळी मी बापाला काही सांगितलं नाही.

लग्न होऊन आर्वीकडं आले.
दुसऱ्या वर्षी प्रफुल्लनं मित्रांसोबत
चिखलदऱ्याला जायचं ठरवलं.
मी भांडणार होते. वाक्यं तयार होती.
तोंड उघडलं तर निघालं,
"मले भूक नाही. जेवा तुमी."
आवाजही तिचाच.
पदर नव्हता, गाऊनवर होते मी,
तरी हात खोचायला कमरेशी गेला.
तो चिखलदऱ्याला गेला नाही.
दीड दिवस लागला.
आईला तीन लागायचे. हो, मी मोजलं होतं.

कोणी म्हणेल, त्या बाईच्या हातात
ताटाशिवाय होतं काय?
वावर सासऱ्याच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या खिशात,
तिचं नको कोण ऐकणार होतं?
हे खरं आहे.
पण हे मी तिच्या बाजूनं बोलते की माझ्या,
ते मला नीट सांगता येत नाही.

परवा ईश्वरीनं ताट सरकवलं. सात वर्षांची.
"मले भूक नाही."
भाजीकडं पाहतच नव्हती,
माझ्या तोंडाकडं पाहत होती,
मोंढ्यात काट्याकडं पाहतात तसं.

मी जेवले. घास उतरत नव्हता, तरी जेवले.
तिचं ताट झाकून ठेवलं.
रात्री डब्याचं झाकण वाजलं
तेव्हा उठून लाइट लावला.
ती तशीच थिजलेली, गाल फुगलेले.
"काय पाहिजे तुले? तोंडानं सांग."
बराच वेळ काही नाही. मग गिळून म्हणाली,
"सुट्टीभर आजीकडं राहाचं हाये."

"नाही," मी म्हटलं.

ती रडली. नाक गळेपर्यंत,
शेजारच्यांचा कुत्रा उठेल एवढ्या मोठ्यानं.
मी बाजूला बसून राहिले.
रडून झाल्यावर तिनं डब्यात हात घातला
आणि भरली मूठ माझ्यापुढं धरली.

ते नुसते फुटाणे होते की आणखी काही,
कोण जाणे.
मी दोनच उचलले.